मलावीच्या मुलांचा मामा

विजू,

तुझ्या मातीला एवढी माणसं आली की मला तुझा हेवा वाटला. पेटीमागून चालताना एका हातानं मी तुझ्या बहिणीला, शालूला, सावरत होतो आणि वळून वळून मागची गर्दी बघत होतो. वाळूजच्या पहिल्या पाळीची पोरं कंपनीच्या कपड्यांतच आली होती, गळ्यातली ओळखपत्रंही काढली नव्हती. तू चालवायचास त्या कंपनीच्या बसमधली सगळी. कबरस्तानात कुठं उभं राहायचं, कधी माती टाकायची, त्यांना काही ठाऊक नव्हतं. आपल्या चर्चच्या मंडळीतली माणसं करतील तसं ती करत होती. त्यातला एकजण माझ्याजवळ येऊन म्हणाला, "मामा लई वेगळा माणूस होता, साहेब. थांब्यावर दिसलो नाय तर फोन करून उठवायचा. वर शिव्या द्यायचा."

मी मान हलवली. मनात आलं, माझ्या मातीला कोण येईल? सख्ख्या मेव्हण्याच्या कबरीवर मूठभर माती टाकताना असा विचार येतो, याची लाज वाटली. पण विचार काही गेला नाही. तो अजून इथंच आहे, माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसलेला.

पाळकसाहेबांनी सांगितलंय, स्मरण उपासनेत तुम्हीच बोला, मलावीला तुम्ही दोघं बरोबर होता. मी बोलेन. तुझी ढोलकी, तुझा हसरा चेहरा, तुझी सेवा. ते सगळं खरंच आहे. पण तिथं उभं राहून जे बोलता येणार नाही, ते इथं तुला सांगतो. आज शनिवार आहे. उद्या जेवणानंतर नेहमीसारखा मलावीहून फोन येईल. तिथल्या वसतिगृहातल्या मुलांना अजून काही माहीत नाही. तू त्यांना 'परत येतो' म्हणून बसलायस, आणि तू गेलास, हे त्यांना मी सांगायचंय. दुभाषी मीच ना.

विजू, मी पंचवीसेक वर्षं संडे स्कूल सांभाळतोय. आम्हाला मूलबाळ नाही म्हणून देवानं मंडळीची सगळी पोरं माझ्या ओटीत घातली, असं बायका म्हणायच्या, आणि मीही तेच धरून चाललो. त्यामुळं मंडळीनं आफ्रिकेतल्या मलावीच्या पोरक्या मुलांच्या वसतिगृहाला मदत करायचं ठरवलं, एक गट तिथं पाठवायचं ठरवलं, तेव्हा तो गट मीच नेणार, यात कुणालाच शंका नव्हती. वर्षभर मी तयारी केली. फ्लॅनेलच्या फळ्यावर चिकटवायची चित्रं स्वतः कापली: होड्या, मासे, मेंढरं, खजुराची झाडं. गाणी इंग्रजीत बसवली. औषधांची पेटी भरली. तू कसा आलास? ढोलकीवाल्या पोराला ऐनवेळी रजा मिळाली नाही आणि शालू म्हणाली, "मग विजूला न्या की." पासपोर्ट तुझ्याकडे होताच. कधीकाळी आखातात ड्रायव्हर म्हणून निघाला होतास आणि आई आजारी पडली म्हणून राहिलास.

जाण्याआधी चर्चच्या हॉलमध्ये मी सगळ्यांना नियम सांगितले. सगळ्यात मोठा नियम: परत येतो असं मुलांना कधी म्हणायचं नाही. ज्यांना एकदा कुणीतरी सोडून गेलंय त्यांना वाट बघायला लावणं हे पाप आहे. आपण पाहुणे. सेवा करायची आणि निघायचं. तू मागच्या बाकावर शेंगा फोडत होतास.

"विजू, समजलं का?"

"व्हय दाजी. यायचं, जेवायचं अन् न सांगता सटकायचं."

सगळा हॉल हसला. मी हसलो नाही.

ब्लँटायरहून गाडी बराच वेळ आत आत जात राहिली. लाल माती, पत्र्याची छपरं, आणि दोन्ही बाजूंना मका. तू खिडकीतून डोकं बाहेर काढून म्हणालास, "दाजी, एवढं विमानात कोंबून शेवटी सोयगावलाच आणलं व्हय?" तुमच्या गावाकडचा मका आठवून तू इतका खुश झालास की गाडीतली सगळी तुझ्याबरोबर खुश झाली. मी त्या वेळी पहिल्या धड्याची टिपणं बघत होतो.

वसतिगृहाच्या अंगणात मुलं ओळीनं बसली होती. आधी मी ओळख करून दिली, मंडळीची, माझ्या कामाची, जरा लांबच. मग तू उभा राहिलास. "मी विजू. सगळे मामा म्हणत्यात." वसतिगृहाच्या बाई, आमायी ग्रेस, यांनी मला विचारलं, मामा म्हणजे काय? मी सांगितलं, आईचा भाऊ. शब्दाला शब्द ठेवला. मी कंपनीत माल तपासणारा माणूस. मापाला माप लागलं की माझं काम झालं. आपल्याकडं रिक्षावाला मामा, कंडक्टर मामा, चहाच्या टपरीवरचा मामा, त्यात कुणीच कुणाचं भाचं नसतं, हे सांगायचं मला सुचलं नाही.

आमायी मुलांकडं वळल्या. मग त्यांनी मुलांना त्यांच्या भाषेत काहीतरी सांगितलं. मुलं उठली आणि ओंजळीसारखे हात करून हळूहळू टाळ्या वाजवायला लागली. सगळी तुझ्याकडं तोंड करून.

नंतर आमायींनी मला समजावलं, त्या टाळ्या मानाच्या होत्या. त्यांच्यात मूल आईच्या घराण्याचं. बाप लग्न करून बायकोच्या गावी राहायला येतो. त्याला मान असतो, पण पाहुण्याचा. मुलांचा खरा वाली आईचा भाऊ. त्याला ते मालुमे म्हणतात. शाळा, आजारपण, लग्न, भांडण, सगळ्यात शेवटचा शब्द मालुमेचा. "यातल्या बऱ्याच मुलांना आई नाही," त्या म्हणाल्या. "पण मालुमे नसणं म्हणजे मागं कुणीच नसणं. तुमचा माणूस आपण होऊन मालुमे झाला. आमच्याकडं असं कुणी सहज म्हणत नाही."

मी तुला बाजूला घेतलं. "विजू, घोटाळा झालाय. मी आत्ता सांगून टाकतो, आमच्याकडं ही नुसती हाक आहे म्हणून."

तू मुलांकडं बघत होतास. "राहू द्या दाजी. आता म्हणलो ना."

"अरे, त्यांच्यात त्याचा अर्थ केवढा आहे, तुला कळत नाही."

"अर्थ तोच हाय. आपणच पाणी घालून पातळ केलाय, दूधवाल्यावानी."

मग तू गेलास आणि त्यांच्यात बसलास. बस्स, एवढंच केलंस तू. लोक आता म्हणतात, विजूनं तिथं लई काम केलं. मी साक्षीदार आहे: भिंती आम्ही रंगवल्या, कपडे आम्ही वाटले, धडे मी घेतले. तू आंब्याच्या झाडाखाली बसून राहिलास. पोरं भांडण घेऊन यायची, फाटका सदरा घेऊन यायची, काही न घेताच येऊन बसायची. मी फ्लॅनेलच्या फळ्यावर होडी लावायचो, वाऱ्यानं मासे उडायचे, आणि मुलं शहाण्यासारखी माझं ऐकत ऐकत माझ्या खांद्यावरून मागं बघायची, झाडाखाली जागा झाली का. चिसोमो नावाची ती सातआठ वर्षांची मुलगी तर माझी गोष्ट अर्ध्यात टाकून उठली, आपला हलणारा दात तुला दाखवायला. औषधांची पेटी माझ्या पायाशी होती, विजू! तुझ्याकडं काय होतं? तू तोंड उघडायला लावून आत बघितलंस, गंभीर चेहरा केलास आणि मराठीत म्हणालास, "पडंल गं बाई, पडंल. नवा येईल." ती समाधानानं परत येऊन माझ्या पुढ्यात बसली. तिला काय कळलं, देव जाणे.

त्या दिवशी प्रार्थनेत मी डोळे मिटून म्हणालो, प्रभू, मला नम्र कर. खरं म्हणायचं होतं ते वेगळंच होतं. त्यातलं एक पोर माझ्याकडं पाठव, एवढंच.

निघायच्या दिवशी तू नियम मोडलास. आमायींना मध्ये घालून, सगळ्यांसमोर सांगितलंस: "पुढच्या टायमाला मका काढायला येतो." मुलांनी पुन्हा त्या टाळ्या वाजवल्या. गाडीत बसल्यावर मी तुला सोडलं नाही.

"तुला सांगितलं होतं, शब्द द्यायचा नाही."

"पाहुणा देत नाय शब्द, दाजी. मामाला द्यावा लागतो."

"आणि नाही जमलं तर? तुला काही झालं तर?"

"तुम्ही हायेत की."

"मी कुणाला काही म्हणालेलो नाही."

"म्हणून तर तुमची कुणी वाट बघणार नाय," तू म्हणालास, आणि हसून शेंगांची पुडी माझ्यापुढं केलीस. मला लागेल असं तुला बोलायचं नव्हतं, मला ठाऊक आहे. तू बोलायचास आणि विसरायचास. मी शेंगा घेतल्या नाहीत. मुंबईला उतरेपर्यंत आपण बोललो नाही, आणि त्या भांडणाचा निकाल कधी लागलाच नाही. आता लागलाय म्हणायचं. बस उभी करून तू स्टिअरिंगवर मान टाकलीस आणि गेलास. मी खरा ठरलो, विजू. इतकं खरं मला ठरायचं नव्हतं.

नंतरचे रविवार तुला आठवत असतील. उपासना झाली की तू आमच्या उस्मानपुऱ्याच्या घरी यायचास, शालूच्या हातचं मटण खायचास, आणि हात धुऊन फोन लोणच्याच्या बरणीला टेकवून बसायचास. पलीकडं आमायी आणि मागं सगळी पोरं. तू मराठीत बोलायचास, मी इंग्रजीत सांगायचो, आमायी त्यांच्या भाषेत. एकदा चिसोमो शाळेत जायला तयार नव्हती. मोठ्या पोरी चिडवतात म्हणून. आमायी म्हणाल्या, मालुमे सांगतील तसं. तू म्हणालास, "जा म्हणावं. अन् चिडवणारीचं नाव मला सांग." मी भाषांतराला लागलो. शिक्षणाचं महत्त्व घातलं, शिस्त घातली, प्रत्येक मुलासाठी देवाची योजना असते तेही घातलं. तू माझ्या तोंडाकडं बघत राहिलास.

"दाजी, मी एवढं लांब नाय बोललो."

शालू आतून इतकी हसली की गॅसवरचा चहा उतू गेला. तिला तसं हसताना मी किती दिवसांनी ऐकत होतो! आणि तेही तुझ्या बोलण्यावर. त्या चहाचा डाग पुसताना मी दोघांवरही रागावलो होतो.

शालू त्या फोनपुढं कधी बसली नाही. "मला कुठं इंग्रजी येतंय," म्हणायची आणि आत भांडी लावत राहायची. आपण दोघंही त्याचं कारण जाणून होतो. तिला दोनदा दिवस गेले आणि दोनदा हातात काही आलं नाही. दोन्ही वेळा तू पाळण्यावर टांगायला चिमणाळं घेऊन आला होतास, लाल-हिरव्या चिमण्यांचं. दुसऱ्यांदा तर सातव्यातच आणलंस म्हणून तुझी आई तुला ओरडली होती. पुढं त्या चिमण्यांचं काय केलंस, मी विचारलं नाही आणि तू सांगितलं नाहीस. माझं बापपण गेलं, हे मी इतकी वर्षं उराशी धरून बसलो. तुझं मामापण त्याच दारातून गेलं होतं, हे माझ्या ध्यानातही आलं नाही. शालूचा तू एकुलता भाऊ. लग्न तू केलं नाहीस. भाचं होणार तर आमच्याकडंच होणार होतं. सगळं शहर तुला मामा म्हणायचं आणि तुझं भाचं एकही नव्हतं. हे मी कधी तुझ्याजवळ बोललो असतो तर त्या गाडीत तुझ्याशी भांडलो असतो का? असतोही कदाचित. मी स्वतःला ओळखतो.

आज रविवार. काल लिहिणं इथंच थांबलं होतं.

शालूनं आज मटण केलं नाही. तू गेल्यापासून ती जेवायला बसते आणि ताट तसंच ठेवून उठते. मी म्हणतो, दोन घास खा, ती म्हणते, खाल्लं की. फोन आला तेव्हा ती नेहमीसारखी आत होती. मी फोन त्याच जागी टेकवला. पडद्यावर आमायी, मागं पोरं, आणि सगळी तुला शोधत असलेली. कुणीतरी हाक मारली, "मालुमे!" मी रात्रंदिवस वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आलं नाही. मी म्हणालो, "तुमचा मालुमे वारला. त्याचं हृदय थांबलं. तो मका काढायला येणार नाही."

आमायींनी ते मुलांना सांगितलं. कुणी रडलं नाही लगेच. मग एका मुलानं ओंजळ करून टाळी वाजवली, मग दुसऱ्यानं, अगदी हळू. तू गेलास तरी टाळ्या तुलाच, विजू. बातमी सांगणारा मी समोर बसलो होतो. तुझ्या मरणाच्या बातमीवरही मला तुझा हेवा वाटला. याहून खाली माणूस जाऊ शकतो का, मला माहीत नाही.

मग आमायींनी विचारलं, "त्यांची बहीण आहे ना? बहिणीला बोलवा."

मी म्हणालो, तिला इंग्रजी येत नाही. त्या म्हणाल्या, "बोलवा."

शालू आली. पदरानं हात पुसत, दाराला धरून उभी राहिली. मी खुर्ची दिली. पहिल्यांदाच तिनं त्या सगळ्या पोरांना एकत्र बघितलं, आणि पोरांनी तिला. पलीकडं कुजबूज झाली. चिसोमो पुढं आली, गुडघे टेकून बसली आणि काहीतरी म्हणाली. समोरचे दोन दात नवे आले आहेत तिचे. आमायींनी मला सांगितलं आणि मी शालूला:

"ती विचारतेय, आई जेवली का?"

"कुणाची आई?" शालू म्हणाली.

मी आमायींना विचारलं. त्यांना प्रश्नच कळला नाही. लहान मुलाला समजावावं तशा त्या मला म्हणाल्या, "हा मालुमे. ती त्याची बहीण. मालुमेची बहीण म्हणजे कोण? तुमच्याकडं काय म्हणतात तिला?"

आपल्याकडंही तेच म्हणतात, विजू. तू त्या अंगणात उभा राहून मामा म्हणालास त्या क्षणापासून शालू त्यांची आई होती. तिथल्या सगळ्यांना ते ठाऊक होतं. इथं, या घरात, भांडी लावणाऱ्या शालूला आणि तिच्या नवऱ्याला तेवढं ठाऊक नव्हतं. तुला कळलं होतं का रे? कळून तू गप्प बसला होतास, की तुलाही नव्हतं कळलं? आता कुणाला विचारू?

"तुझ्याबद्दल विचारतायत," मी शालूला म्हणालो. "त्यांची आई जेवली का म्हणून."

शालूनं खुर्ची पुढं ओढली. मग म्हणाली, "सांगा, जेवते म्हणावं." मी एवढंच सांगितलं, एक शब्द जास्त घातला नाही. ती उठली, आत गेली, भात वाढून घेऊन आली आणि त्यांच्यासमोर बसून जेवली. मधेच रडली, पण जेवली. पोरं बघत होती. जेवून झाल्यावर तिनं मला विचारलं, "मका कधी काढतात तिथं?" आणि मग, "पासपोर्टला काय काय लागतं हो?"

मी सांगितलं काय लागतं ते. उद्या तिला घेऊन जाणार आहे.

फोन ठेवायच्या आधी आमायींना माझी आठवण झाली. "आणि तुम्ही तिचे नवरे ना?" त्या म्हणाल्या. इतके रविवार मी त्यांच्याशी बोलत होतो, पण मी कुणाचा कोण हे त्यांनी आज पहिल्यांदा विचारलं. मी हो म्हणालो. त्यांनी मागं वळून पोरांना सांगितलं, आणि पोरांनी माझ्याकडं बघितलं, खांद्यावरून मागं नाही, सरळ माझ्याकडं. तिथल्या रीतीनं बाप म्हणजे पाहुणाच. मी पाहुणाच राहायचा आग्रह धरला होता, तसं बघितलं तर मिळालं मला हवं ते.

पन्नाशी उलटल्यावर बाप झालो, विजू, आणि तोही तुझ्या वशिल्यानं. याचा राग मला अजून काही दिवस येणार आहे. येऊ दे. तो येतोय तोवर तू फार लांब गेलेला नाहीस, असं मी समजतो.

तुझा,
दाजी